पाचवी चिमणी

ख्रिस्ती मंडळीत धर्मगुरूंना 'पाळक' म्हणण्याची रीत आहे. उपासनेला जमणारी माणसे म्हणजे 'कळप', त्या कळपाची काळजी वाहणारा तो पाळक. आणि प्रभू येशू हा तर साऱ्यांचा 'उत्तम मेंढपाळ'. शास्त्रात त्यालाच 'देवाचा कोकरा' असेही म्हटले आहे. लहानपणी हे शब्द दर रविवारी माझ्या कानांवरून जात. कानांवरून जात असेच म्हणावयास हवे. कारण आमच्या मंडळीतील एकाच्याही दारात मेंढरू नव्हते. मेंढपाळाची ओळख व्हावयाची ती भिंतीवरच्या तसबिरीतून. त्या तसबिरीत प्रभूच्या खांद्यावर एक कोकरू असे. पांढरेशुभ्र, कापसाच्या पेळूसारखे मऊ, अंगावर धुळीचा एक कण नसलेले. आमच्या मुलखातील मेंढी काळी असते. तिची लोकर राठ असते. घोंगडी विणावी ती तिचीच. तिच्या अंगाला धुळीचा, लेंड्यांचा आणि पावसात भिजलेल्या कांबळ्याचा मिळून एक उग्र वास येतो. तसबिरीतील कोकराला तो वास नव्हता, म्हणून असेल कदाचित, मेंढपाळाच्या दाखल्यांचा अर्थ मला पाठ असूनही उमगला नव्हता.

माझे बालपण पारनेर तालुक्यातील एका खेड्यात गेले. तेव्हाचा तो नगर जिल्हा. आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. ज्या अहिल्यादेवींचे नाव त्याला मिळाले, त्यांचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडी गावी एका धनगर कुळात झाला, हे येथे सहज आठवले म्हणून सांगतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला आपले काम सुरू केले आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचेही वास्तव्य नगरला पुष्कळ वर्षे होते. टिळकांची भजने आमच्या लहानशा प्रार्थनामंदिरात टाळ-मृदंगावर म्हटली जात. माझे वडील गावातील शाळेत शिक्षक होते. पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनाचा विधी करण्यासाठी येत. एरवी रविवारची उपासना वडीलच चालवीत.

१९७२ साली पावसाने दगा दिला. त्या दुष्काळाची हकीकत आजही घरोघरी सांगितली जाते. विहिरींनी तळ गाठला, जोंधळा कणसावर येण्यापूर्वीच करपला, आणि कालपर्यंत स्वतःच्या शेतात राबणारी माणसे रस्त्यांच्या व पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडावयास गेली. परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या धान्याच्या भाकऱ्या आणि कामावर मिळणारी सुकडी, यांवर गावाने ते वर्ष काढले.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे आमच्या गावावरून पश्चिमेकडे जात. घाट उतरून कोकणात जावयाचे, भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढरे बसवावयाची, त्यांच्या लेंड्यांचे खत शेतकऱ्याला द्यावयाचे आणि मोबदल्यात धान्य घ्यावयाचे, असा त्यांचा परिपाठ. ज्येष्ठात, पाऊस लागण्यापूर्वी, ते परत देशावर येत. पुढे मेंढरे, मागे कुत्री, आणि मधे घोड्यांवर सारे बिऱ्हाड: भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही मुले आणि ज्यांच्या पायांत अजून चालण्याचे बळ आलेले नाही अशी कोकरे. त्या वर्षीचा वाडा पाहवत नव्हता. मेंढ्यांच्या बरगड्या लोकरीतूनही मोजता येत होत्या.

वाडा गावाबाहेर एक रात्र थांबला आणि दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच एक धनगरीण आमच्या दारात आली. तिच्या लुगड्याच्या पदरात काहीतरी हलत होते.

"माय," ती आजीला म्हणाली, "ह्याची आई रातीच मेली. चीक तेवढा पेलंय ते. आता कुनाच्याच थानाला दूध न्हाई. वाटंत मरंल. तुमच्या दारात गाय दिसली म्हनून आले. जगलं तर तुमचं."

एवढे बोलून तिने पदर मोकळा केला. दोन किलोही वजन नसेल असे एक काळे कोकरू ओट्यावर पडले. ते नर नव्हते, मादी होती. पाय चार, पण चौघांचे एकमेकांशी पटत नव्हते. कान ओले, डोळे अर्धे मिटलेले. आजीने काही विचारण्याच्या आत धनगरणीने तिला दूध पाजण्याची रीत सांगितली. तोंडात दूध ओतायचे नाही. फडक्याची वात करून चोखू द्यायची. मान वर धरायची, आईच्या सडाला लागल्यासारखी. दूध कोमट हवे, थोडे थोडे आणि वारंवार. मग ती वळली आणि वाड्याच्या मागे झपाझप निघून गेली. तिने मागे वळून पाहिले नाही. आईने त्याबद्दल तिला बोल लावला. पण मागे दोनशे मेंढरे उपाशी असता एकासाठी किती वेळ थांबायचे, हा हिशेब तिलाच ठाऊक. शास्त्रातील मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून हरवलेल्या एकाच्या शोधार्थ निघतो. ते नव्याण्णव सोडणे किती कठीण असेल, हा विचार त्या दिवशी प्रथमच माझ्या मनात आला.

वात चोखण्यामागील शास्त्र मी पुष्कळ वर्षांनी शिकलो. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाला चार कप्पे असतात. पिलू चोखू लागले की अन्ननलिकेच्या शेवटी असलेली एक पन्हळ मिटून तिची नळी बनते आणि दूध पहिला मोठा कप्पा टाळून नेमके चौथ्या कप्प्यात उतरते. दूध पहिल्या कप्प्यात पडले तर तेथे ते आंबते आणि पिलू दगावू शकते. घशात ओतलेले दूध तर फुप्फुसांतही जाते. धनगरणीला पन्हळ आणि कप्पे ठाऊक नसतील. रीत मात्र पक्की ठाऊक होती.

पण रीत ठाऊक असणे निराळे आणि कोकराने ती मान्य करणे निराळे. आईने जुन्या धोतराची वात वळली, ती दुधात भिजवून त्याच्या ओठांशी नेली. त्याने तोंड घट्ट मिटले. वडिलांनी हलकेच जबडा उघडला. त्याने जिवाच्या आकांताने मान हिसडली आणि दूध वडिलांच्या सदऱ्यावर सांडले. त्या एवढ्याशा देहात कोठून इतके बळ आले कोण जाणे! आईच्या मायेचा वास त्याला ठाऊक होता आणि आमच्या हातांना तो येत नव्हता. मेंढी जन्मानंतरच्या काही तासांतच आपल्या पिलाला वासाने ओळखू लागते आणि मग परक्या पिलाला जवळ करीत नाही. पिलाचेही मन तसेच असावे. आम्ही त्याला जगवू पाहत होतो. त्याच्या लेखी मात्र कोणी दांडगे लोक त्याचे तोंड फाडू पाहत होते. कंदिलाच्या उजेडात मी त्याचे पाय धरून बसलो होतो. त्या पायांची थरथर माझ्या हातांत येत होती. तेव्हा आजी पुटपुटली, "माझंही असंच झालं होतं रे, बाळ."

आजीला तरुणपणीच वैधव्य आले होते. त्यानंतर कित्येक वर्षे ती देवावर रुसून होती, हे मला आईकडून कळले होते. आजी त्याविषयी कधी बोलत नसे. त्या रात्रीही ती एवढेच बोलली. मग तिने कोकराला आपल्या जुन्या घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतले. घोंगडी मेंढीच्याच लोकरीची. तिचा वास त्याला ओळखीचा वाटला असेल. अर्ध्या तासाने त्याने वात तोंडात धरली, आणि एकदा धरली ती सोडीना. शेपटी इतक्या वेगाने हलू लागली की आम्ही सारे हसलो. घरात त्या दुष्काळात पुष्कळ दिवसांनी कोणी हसले असेल.

आता दुधाची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण खरा प्रश्न तेथेच होता.

आमच्याकडे एकच गाय होती. कडबा संपत आलेला. दोन्ही वेळचे मिळून ती जेमतेम लिटरभर दूध देई. त्यातून सर्वांच्या चहापुरते काढले की राहिलेला एक पेला आजीचा असे. तिला दम्याचा विकार होता आणि रात्री कोमट दूध घेण्यास डॉक्टरांनी तिला सांगितले होते. कोकराचे दूध कोठून यावयाचे, याची चर्चा झालीच नाही. पहिल्या रात्रीचे दूध आजीच्या पेल्यातले होते. दुसऱ्या रात्रीचेही तेथूनच आले.

तिसऱ्या दिवशी खडीच्या कामावरून परतणारी शेजारीण दारात थबकली. तिच्या हाताला फोड आले होते. ओट्यावर आई कोकराला पाजीत बसली होती. शेजारणीने ते पाहिले आणि ती शांतपणे म्हणाली, "मास्तरीणबाई, मानसाच्या लेकराला घोटभर मिळंना, आन् मेंढराला दूध?"

तिचा धाकटा मुलगा दोन वर्षांचा होता. आईची मान खाली गेली. वडील आत वाचीत बसले होते. त्यांचे पान उलटण्याचे थांबले. शेजारणीचा प्रश्न चुकीचा होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. भुकेच्या दिवसांत मुक्या जनावरावर दया करणे ही ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांची चैन होऊ शकते. भूतदयेचे गोडवे गाणारी पुस्तके हा प्रश्न सहसा टाळतात.

आजीने तो टाळला नाही. ती म्हणाली, "बरोबर बोललीस, पोरी. तुझं लेकरू कुठाय? घेऊन ये त्याला."

त्या दिवसापासून आजीच्या पेल्याचे तीन वाटे झाले. आधी शेजारणीचा मुलगा प्यायचा, नंतर कोकरू, आणि राहिलेच तर आजी. ते पुरेना तेव्हा आईने घरातला चहा कोरा केला. वडिलांना कोरा चहा मुळीच आवडत नसे. ते पहिल्या घोटाला तोंड वाकडे करीत आणि दुसऱ्या घोटाला मुकाट्याने कप रिकामा करीत. थोड्याच दिवसांत तो दोन वर्षांचा मुलगा आपले दूध संपवून कोकराजवळ फतकल मारून बसू लागला आणि वात आपणच धरण्याचा हट्ट करू लागला. शेजारीण संध्याकाळी येताना बाभळीच्या चार शेंगा पदरात बांधून आणी. "मोठी झाली म्हंजी खाईल," असे म्हणून त्या ती कोनाड्यात ठेवी.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट वडिलांनी आम्हांला त्याच सुमारास वाचून दाखविली. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळपच्या कळप होते आणि एका गरिबाकडे एकच कोकरी होती; ती त्याच्या मुलाबाळांत वाढली, त्याच्याच घासातली वाटेकरीण झाली. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपले न कापता तिलाच कापले. ही गोष्ट मी आधीही ऐकली होती आणि श्रीमंताचा रागही मला आला होता. पण त्या वर्षी माझे लक्ष दुसऱ्याच ठिकाणी गेले. कळप श्रीमंताचा; माया मात्र गरिबाच्या घरची. आणि ती माया त्याच्या उरलेल्या अन्नातून आलेली नव्हती, ती त्याच्या घासातून आली होती.

कोकराचे नाव ठेवले गेले ते पाचव्या दिवशी. रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी वडिलांनी लूकच्या शुभवर्तमानातील चिमण्यांचा उतारा वाचला. मला गणिताची खोड होती. मी म्हणालो, "अण्णा, मत्तयाने चिमण्यांचा भाव निराळा दिला आहे."

वडिलांनी दोन्ही ठिकाणे काढून पाहिली. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. ते नाणे रोमन राजवटीतील तांब्याचे, अगदी लहान. मजुराच्या दिवसभराच्या मजुरीत अशी सोळा येत. एकाला दोन, तर दोघांना चार. मग ही पाचवी चिमणी कोठून आली?

"वरची असेल," आजी म्हणाली. ती जन्मभर आठवड्याच्या बाजाराला गेलेली. तिला कोडे पडलेच नाही. "चार घेतल्या की एक तशीच टाकतात. मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतात ना, तशी."

वडिलांनी पुस्तक मिटले. किमतीच्या हिशेबातच जिची गणना नाही, जिला कोणी विकतही घेतले नाही, अशी ती पाचवी चिमणी; आणि देवाला त्यांतील एकीचाही विसर पडत नाही, असे प्रभू सांगतो. ही गोष्ट वडिलांनी कितीतरी वेळा उपासनेत वाचली असेल. पण त्या रात्री ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. आजीने मांडीवरच्या कोकराच्या कपाळावर बोट ठेवले आणि ती म्हणाली, "मग ही आमची पाचवी."

या नावाने पुढे मोठी मौज झाली. गावातल्या बायकांना वाटले, मास्तरांच्या म्हातारीने मेंढराची पाचवी पुजली! माझ्या वर्गातील मुलांना वाटले, मी इयत्ता पाचवीत आहे म्हणून घरच्यांनी माझी थट्टा केली आहे. खरे कारण मी एकदोघांना सांगून पाहिले. त्यांना आपलीच कारणे अधिक पसंत होती.

दुसऱ्या आठवड्यात पाचवीला हगवण लागली. शनिवारच्या रात्रीपासून तिची मान टाकलेलीच होती. आईने दूध बंद केले आणि मीठ-गुळाचे कोमट पाणी वातीने पाजण्यास आरंभ केला. दर तासाला कोणीतरी उठायचे, तिला पुसायचे, चार-दोन घोट पोटात जातात का पाहायचे. रात्री माझी पाळी आली तेव्हा वडील जागेच होते. मी त्यांना विचारले, "अण्णा, वाटेत धनगरांची किती कोकरे मेली असतील. मग देवाने आपलीच का वाचवावी?"

ते म्हणाले, "चिमणी पडते तेव्हा ती पित्याच्या नजरेआड पडत नाही, एवढेच प्रभूने सांगितले आहे. ती पडणारच नाही, असे त्याने कुठे म्हटलेले नाही."

"मग प्रार्थना कशासाठी करायची?"

वडिलांनी पाचवीच्या पोटावरून हात फिरवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कंदील जरा जवळ आण. पाणी द्यायची वेळ झाली."

हे उत्तर नव्हते, असे मला तेव्हा वाटले. पुढे आयुष्यात हाच प्रश्न मी मोठमोठ्या विद्वानांच्या ग्रंथांत शोधला. त्यांची उत्तरे लांबलचक आहेत. ती वाचताना मला अजूनही कंदिलाची काच आणि वडिलांचा तो हात आठवतो.

रविवार उजाडला. उपासनेची घंटा नऊ वाजता व्हायची. पावणेनऊला पाचवीने डोळे उघडले, पण पाणी घेईना. वडील तिच्यापाशी बसून राहिले. घंटा झाली, टाळ-मृदंग आले, एक भजन झाले, दुसरे झाले. वडिलांचा पत्ता नाही. शेवटी अर्ध्या तासाने ते आले. सदऱ्याला डाग होते आणि सबंध मंदिरभर मेंढराचा वास सुटला. मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ मोठ्याने खाकरले. वडिलांनी क्षमा मागितली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढला. शब्बाथाच्या दिवशी मेंढरू खड्ड्यात पडले तर तुमच्यापैकी कोण त्याला वर काढणार नाही, असे प्रभू परूश्यांना विचारतो, तो प्रसंग त्यांनी वाचला. त्यावर भाष्य केले नाही. त्या दिवशीचे प्रवचन अतिशय आखूड झाले, त्यामुळे आम्हा मुलांना ते फार आवडले. उपासना सुटल्यावर तेच खाकरणारे गृहस्थ आमच्या घरी आले, उकिडवे बसून त्यांनी पाचवीची जीभ पाहिली आणि तांदळाची पेज द्यावयास सांगून गेले.

ती जगली. पेजेने, गुळाच्या पाण्याने, की कशाने, ते मी ठरवू शकत नाही.

तीन आठवड्यांनी ती पाला हुंगू लागली. नाताळापर्यंत बाभळीच्या शेंगा कुरकुर चावून खाऊ लागली. कोनाड्यातील शेंगा तिने आपणच शोधून काढल्या. "ये गं पाचवी" अशी आजीची हाक आली की ती असेल तेथून धावत येई. आम्ही मुले आजीचा आवाज काढून तिला फसवू पाहत असू. ती एकदा मान वर करी आणि पुन्हा चरू लागे. मेंढरे मेंढपाळाचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. ते अलंकारिक बोलणे नसून साधे निरीक्षण आहे, हे मला पाचवीने शिकविले. मेंढरू म्हणजे मूर्ख असा आपला समज असतो. इंग्लंडातील बाब्राहम येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर मेंढ्यांनी पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवल्याचे आढळले.

पण पाचवीच्या लक्षात राहिलेले सारे चेहरे माणसांचे होते. ती कुत्र्याला भीत नसे. दुसरी मेंढी मात्र तिने पाहिलीच नव्हती. रात्री एकटी ठेवली तर ती रडून घर डोक्यावर घेई. एका व्यापाऱ्याने तिला चांगली किंमतही देऊ केली होती. तो कशासाठी मेंढरे घेतो हे सर्वांना माहीत होते. दुष्काळ सरला नव्हता आणि घरात पैशाची निकड होती. आजीने त्याला पाणी दिले आणि विषय बदलला.

१९७३ च्या ज्येष्ठात धनगरांचा वाडा परतला. तीच धनगरीण आली. पाचवीला पाहून तिने गालावर हात ठेवला. पाचवी आजीच्या लुगड्यामागे लपली.

"न्हाई माय, तुमचंच हाय," धनगरीण म्हणाली. "म्या बोलले व्हते."

आजी म्हणाली, "माझी आहे म्हणूनच सांगते. कळपाचं जनावर हे. माझ्यापाशी राहिली तर माणसाळेल, पण तिची मेंढी व्हायची राहून जाईल. घेऊन जा."

मी रडलो, भांडलो, एक वेळ जेवलोही नाही. वाडा तीन रात्री गावाबाहेर होता. दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात पाचवीला इतर मेंढरांबरोबर कोंडले होते आणि तिचे ओरडणे आमच्या घरापर्यंत ऐकू येत होते. आजी अंथरुणावर उठून बसे. एकदा ती दारापर्यंत गेली, कडीला हात लावला आणि परत फिरली. तिसऱ्या रात्री ओरडणे थांबले. मला वाटले, ती मेली. पहाटे जाऊन पाहिले तर ती दोन मेंढ्यांच्या मधे, त्यांच्या पोटात डोके खुपसून, गाढ झोपली होती.

हरवलेल्या मेंढराचा दाखला ऐकताना मी नेहमी मेंढपाळाच्या खांद्यापाशी थांबत असे. तसबीरही तेथेच थांबते. पण त्या खांद्यावरून ते मेंढरू कोठे जाते? ते जन्मभर खांद्यावर राहत नाही. त्याला उतरवून ठेवावे लागते, आणि ते नव्याण्णवांत मिसळून गेले म्हणजे लांबून ओळखूही येत नाही. इतकी माया लावून एखाद्याला असे ओळखू येईनासे होऊ द्यावयाचे, हे आजीला कसे जमले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

त्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. गाय पुन्हा भरल्या अंगाची झाली. १९७४ च्या दिवाळीत वाडा गावावरून जाऊ लागला तेव्हा आजीची दृष्टी बरीच मंदावली होती. ती हातात दुधाचा पेला घेऊन माझ्या आधाराने रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मेंढरे धुरळा उडवीत जात होती. "ये गं पाचवी!" तिने हाक मारली. तीन-चार मेंढ्यांनी माना वर केल्या, आणि पुन्हा खाली घातल्या. एकही थांबली नाही.

"दिसली का रे?" तिने विचारले.

मला एकीचेही निराळेपण सांगता येईना. तेवढ्यात धनगरीण घोड्याचा लगाम धरून आली. "ती बघा, तितं, बाभळीखाली," ती म्हणाली, "आन् हे तिचं." घोड्याच्या पाठीवरच्या बोचक्यातून एक काळे तोंड बाहेर आले होते आणि जिवाच्या आकांताने ओरडत होते.

आजीने चाचपडत त्या कपाळावर हात ठेवला. ओले नाक तिच्या तळव्याला लागले तशी ती हसली. मग तिने हातातला पेला धनगरणीच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या लहान मुलीपुढे केला. मुलीने आईकडे पाहिले. आईने मान हलवली, आणि ती घटाघटा प्याली.